मूत्राशयाचा कर्करोग: लघवीत एकदाच रक्त दिसलं आणि थांबलं, तरी दुर्लक्ष का करू नये?

१९६७ साल. ह्युबर्ट हम्फ्री तेव्हा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या लघवीत रक्त दिसलं. तपासण्या झाल्या, मूत्राशयाच्या आतला तुकडा काढून पाहिला गेला. पण हा कर्करोग आहे की नाही, यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. पुढच्या वर्षी हम्फ्री राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि रिचर्ड निक्सन यांच्याकडून हरले.

१९७३ मध्ये त्यांना मूत्राशयाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. रेडिएशन देण्यात आलं. १९७६ मध्ये शस्त्रक्रिया करून मूत्राशयच काढावं लागलं, पण तोवर आजार खोलवर गेला होता. जानेवारी १९७८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी हम्फ्री यांचे जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले. १९७६ मध्ये काढलेल्या गाठीत पी-५३ नावाच्या जनुकात जो बिघाड होता, अगदी तोच बिघाड १९६७ च्या लघवीच्या नमुन्यातल्या पेशींमध्येही सापडला.

म्हणजे पहिल्यांदा रक्त दिसलं, तेव्हाच आजाराची सुरुवात झालेली होती.

हम्फ्री यांनी निदान तपासणी तरी करून घेतली. आपल्याकडे लघवी लाल दिसली की आधी घरगुती अंदाज बांधले जातात. 'उष्णता झाली असेल', 'उन्हाळी लागली असेल', 'काल बीट खाल्लं होतं ना?' मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, भरपूर ताक. दोन दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ होते आणि विषय तिथेच संपतो.

खरी अडचण इथेच आहे. मूत्राशयाच्या कर्करोगात येणारं रक्त बहुतेक वेळा आपोआप थांबतं. ताक प्यायलं तरी थांबतं, नाही प्यायलं तरी थांबतं. त्यामुळे घरगुती उपाय लागू पडला असं वाटतं आणि मधले काही महिने हातातून निघून जातात.

हे महिने इतके महत्त्वाचे का असतात? या आजारात डॉक्टर नेमकी कोणती शस्त्रक्रिया करतात? आणि लघवीची पिशवीच काढली तर माणूस लघवी कशी करतो? एकेक प्रश्न समजून घेऊया.

हा कर्करोग नेमका कुठे होतो?

मूत्राशय म्हणजे ओटीपोटात असलेली लघवीची पिशवी. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी दोन नळ्यांमधून इथे येते, साठते आणि मग बाहेर पडते. ही पिशवी फुग्यासारखी ताणली जाते आणि पुन्हा आकसते.

तिच्या भिंतीला थर असतात. सगळ्यात आत लघवीच्या थेट संपर्कात येणारं पातळ अस्तर. त्याखाली रक्तवाहिन्या असलेला मऊ थर. त्याच्या बाहेर जाड स्नायू आणि त्यापलीकडे चरबी.

बहुसंख्य रुग्णांमध्ये कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतो. तो तिथेच राहिला की खाली स्नायूपर्यंत उतरला, या एका गोष्टीवर पुढचे जवळपास सगळे निर्णय अवलंबून असतात. हे लक्षात ठेवा, कारण शस्त्रक्रियेचा भाग वाचताना याचा उपयोग होईल.

२०२२ मध्ये जगभरात या आजाराचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २ लाख २० हजार जणांचा मृत्यू झाला, असं ग्लोबोकॅनची आकडेवारी सांगते. पुरुषांमध्ये हा आजार स्त्रियांपेक्षा तीन ते चार पट जास्त आढळतो. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात, पण तरुणांना होतच नाही असं नाही.

सिगारेट ओढली फुप्फुसात, मग कर्करोग मूत्राशयात कसा?

तंबाखू म्हटलं की आपल्याला तोंडाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग आठवतो. पण मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारणही धूम्रपान हेच आहे. साधारण निम्म्या रुग्णांमागे ते असतं.

धुरातली विषारी रसायनं फुप्फुसातून रक्तात जातात. मूत्रपिंड रक्त गाळतं, तेव्हा ही रसायनं लघवीत उतरतात. ही लघवी मूत्राशयात काही तास साठून राहते. तेवढा वेळ आतलं अस्तर या रसायनांत भिजत राहतं. रोज, वर्षानुवर्षं. विडी असो की सिगारेट, हा मार्ग तोच.

दुसरं मोठं कारण कारखान्यातली रसायनं. १८९५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन या सर्जनच्या लक्षात आलं की, रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत आहेत. पुढे संशोधनातून अॅरोमॅटिक अमाइन या गटातली काही रसायनं याला कारणीभूत असल्याचं सिद्ध झालं. त्यातली सगळ्यात घातक रसायनं अनेक देशांनी बंद केली. तरीही रंग, रबर, चामडं आणि काही रासायनिक उद्योगांत वर्षानुवर्षं काम केलेल्यांनी डॉक्टरांना आपलं काम काय होतं ते आवर्जून सांगायला हवं. निवृत्त होऊन दहा-वीस वर्षं झाली असली तरीही, कारण हा आजार इतका उशिराही डोकं वर काढू शकतो.

इतर कारणंही आहेत. ओटीपोटावर पूर्वी घेतलेलं रेडिएशन, सायक्लोफॉस्फामाइड हे औषध, वर्षानुवर्षं राहिलेला कॅथेटर किंवा मूत्राशयातला खडा. इजिप्तसारख्या देशांत शिस्टोसोमा नावाच्या परजीवीमुळे मूत्राशयाचा वेगळ्या प्रकारचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होत असे. भारतात हा परजीवी सहसा आढळत नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात माणसांमध्ये त्याच्या संसर्गाची नोंद झाली होती आणि वैद्यकीय साहित्यात हे गाव त्यासाठी ओळखलं जातं.

मधुमेहावरच्या पायोग्लिटाझोन या गोळीबद्दलही प्रश्न विचारला जातो. या गोळीमुळे धोका वाढतो का, या चर्चेतून भारतात २०१३ मध्ये तिच्यावर काही काळ बंदी आली आणि नंतर इशारा छापण्याच्या अटीवर ती उठवली गेली. तुम्ही ही गोळी घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

लक्षणं कशी ओळखायची?

सगळ्यात महत्त्वाचं लक्षण एकच. वेदना न होता लघवीत रक्त येणं.

'वेदना न होता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुतखडा असेल तर कळा येतात, जंतुसंसर्ग असेल तर जळजळ होते. तिथे माणूस दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जातो. इथे काहीच दुखत नाही, म्हणून जात नाही.

रक्ताचा रंग दरवेळी लालभडकच असतो असं नाही. लघवी फिकट गुलाबी, चहासारखी किंवा कोकाकोलासारखी गडद दिसू शकते. काहींना गुठळ्या पडतात. कधीकधी रक्त इतकं कमी असतं की ते डोळ्यांना दिसत नाही, लघवीच्या साध्या तपासणीत 'आरबीसी' या नोंदीतून कळतं.

इतर लक्षणं अशी:

• वारंवार लघवीला जावं लागणं, घाई होणं, जळजळ. संसर्ग नसतानाही हे होत राहिलं, तर अस्तरात पसरणारा एक सपाट पण आक्रमक प्रकारचा कर्करोग असू शकतो.
• गुठळ्यांमुळे लघवी तुंबणं.
• कंबरेत किंवा कुशीत दुखणं. गाठीमुळे मूत्रपिंडाकडून येणारी नळी अडली तर असं होतं.
• पायांवर सूज, हाडं दुखणं, वजन घटणं. ही उशिराची, आजार पसरल्याची लक्षणं आहेत.

लघवीत रक्त म्हणजे कर्करोगच, असं अजिबात नाही. संसर्ग, मुतखडा, प्रोस्टेटची वाढ अशी कितीतरी कारणं असू शकतात. बीट खाल्ल्यावर किंवा टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे रंग बदलतो, तेव्हा तर रक्त नसतंच. पण डोळ्यांना रक्त दिसलेल्या प्रौढांपैकी साधारण दहा टक्के किंवा त्याहून अधिक जणांमध्ये तपासणीनंतर मूत्रमार्गाचा कर्करोग सापडतो. दहातला एक हे प्रमाण 'बघू पुढच्या वेळी' म्हणण्याइतकं लहान नाही.

तीन ठिकाणी हमखास चूक होते

पहिली चूक स्त्रियांच्या बाबतीत. रक्त दिसलं की ते पाळीचं किंवा पाळी जाण्याच्या काळातलं समजलं जातं. किंवा 'युरिन इन्फेक्शन' म्हणून पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिलं जातं. म्हणूनच हा आजार स्त्रियांमध्ये कमी असूनही अनेकदा उशिरा सापडतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर लघवीची तपासणी पुन्हा करा. रक्त अजून दिसत असेल किंवा त्रास वारंवार होत असेल, तर युरोलॉजिस्टला दाखवा.

दुसरी चूक रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. हृदयविकाराच्या रुग्णाला रक्त दिसलं की 'गोळीमुळे झालं असेल' असं म्हटलं जातं. गोळीमुळे रक्तस्राव वाढू शकतो, पण तो कुठूनतरी होत असतो. अशा रुग्णांचीही इतरांइतकीच तपासणी करावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

तिसरी चूक नॉर्मल सोनोग्राफीची. सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते, पण लहान किंवा सपाट गाठ निसटू शकते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तपासणी संपली, असं होत नाही.

निदान कसं होतं?

लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी ही सुरुवात. लघवीत कर्करोगाच्या पेशी आहेत का, हे पाहण्यासाठी सायटोलॉजी करतात. मूत्रपिंडापासून खालपर्यंतचा सगळा मार्ग पाहण्यासाठी सीटी स्कॅन केला जातो.

पण मुख्य तपासणी म्हणजे सिस्टोस्कोपी. लघवीच्या मार्गातून बारीक दुर्बीण आत घालून डॉक्टर मूत्राशय आतून प्रत्यक्ष पाहतात. जर्मन डॉक्टर मॅक्सिमिलियन नित्से यांनी १८७० च्या दशकात अशी दुर्बीण तयार केली. आजची दुर्बीण खूपच बारीक, काही ठिकाणी वाकणारी असते. जागा बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत तपासणी होते. नंतर एक-दोन दिवस थोडी जळजळ होऊ शकते.

संकोच वाटणं साहजिक आहे. अनेक जण याच तपासणीच्या भीतीने पुढे ढकलतात. पण दुर्बिणीतून जे दिसतं, ते दुसऱ्या कुठल्याही एका तपासणीत तितकं स्पष्ट दिसत नाही.

पहिली शस्त्रक्रिया: टीयूआरबीटी

दुर्बिणीत गाठ दिसली तर पुढची पायरी टीयूआरबीटी. पोटावर एकही टाका पडत नाही. कंबरेखालचा भाग बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन लघवीच्या मार्गातूनच उपकरण आत नेतात. त्याच्या टोकाला तारेचं एक छोटं कडं असतं. त्यात वीजप्रवाह सोडून गाठ आतून खरवडून काढली जाते आणि रक्तस्राव थांबवला जातो.

शस्त्रक्रियेनंतर कॅथेटर ठेवतात. गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही वेळा सलाइनने मूत्राशय सतत धुतलं जातं. साधारण एक ते तीन दिवसांत रुग्ण घरी जातो. रक्तस्राव, संसर्ग आणि क्वचित मूत्राशयाला छिद्र पडणं, हे यातले धोके.

ही शस्त्रक्रिया एकाच वेळी दोन कामं करते. दिसणारी गाठ काढते आणि आजार किती खोल गेलाय ते सांगते. त्यासाठी गाठीच्या तळाखालचा स्नायूचा तुकडाही तपासणीला गेला पाहिजे. स्नायू तपासलाच नाही, तर कर्करोग तिथे पोहोचलाय की नाही हे सांगता येत नाही.

म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा:

• नमुन्यात स्नायू आला आहे का?
• कर्करोग स्नायूपर्यंत पोहोचला आहे का?
• ग्रेड कमी आहे की जास्त? म्हणजे पेशी किती आक्रमक आहेत?

नमुन्यात स्नायू नसेल, गाठ पूर्ण निघाली नसेल किंवा कर्करोग अस्तराखालच्या थरात गेला असेल, तर साधारणपणे दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा टीयूआरबीटी करतात. 'पहिलं ऑपरेशन फसलं म्हणून दुसरं सांगतायत' असा अनेक कुटुंबांचा समज होतो. पण हा नेहमीच्या उपचाराचाच भाग आहे.

स्नायू सुरक्षित असेल तर?

निदान होतं तेव्हा साधारण ७० ते ७५ टक्के रुग्णांमध्ये कर्करोग स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. अशांचं मूत्राशय वाचवता येण्याची शक्यता चांगली असते.

मात्र हा आजार परत येण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जोखमीनुसार पाच वर्षांत तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ३१ ते ७८ टक्के असल्याचं एका मोठ्या युरोपीय विश्लेषणात आढळलं होतं. त्यामुळे गाठ काढल्यावर अनेकांना मूत्राशयात थेट औषध सोडलं जातं. कमी जोखमीच्या गाठीत शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मायटोमायसिनसारख्या केमोथेरपीच्या औषधाचा एक डोस पुरेसा ठरू शकतो.

जास्त जोखीम असेल तर वापरलं जातं बीसीजी. हो, तेच बीसीजी. टीबी होऊ नये म्हणून बाळाच्या डाव्या दंडावर देतात ती लस. कॅनडातले डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजीचा उपयोग होतो असं दाखवलं. लशीतले दुबळे केलेले जिवंत जंतू मूत्राशयात सोडले की शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते आणि कर्करोगाच्या पेशींवरही हल्ला करते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही मूत्राशयासाठी वापरलं जाणारं बीसीजी बनवते.

आधी आठवड्याला एक असे सहा डोस देतात. कॅथेटरमधून औषध सोडतात आणि साधारण दोन तास लघवी रोखून धरायला सांगतात. पुढे एक ते तीन वर्षं ठरावीक अंतराने डोस चालू राहतात. जळजळ, वारंवार लघवी, अंगात कसकस हे त्रास होतात. ताप जास्त आला किंवा उतरलाच नाही, तर लगेच रुग्णालयात कळवायचं.

यासोबत ठरलेल्या वेळी सिस्टोस्कोपी करून पाहणं अत्यावश्यक. पहिली साधारण तीन महिन्यांनी, मग जोखमीनुसार काही वर्षं. 'आता बरं वाटतंय' म्हणून ही तपासणी चुकवणं महागात पडू शकतं.

स्नायूपर्यंत पोहोचला असेल तर?

इथून चित्र बदलतं. स्नायूत रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या असतात, त्यामुळे कर्करोगाला शरीरभर पसरायला वाट मिळते. आता नुसतं खरवडून भागत नाही. यावरचा प्रमुख उपचार म्हणजे पूर्ण मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया, रॅडिकल सिस्टेक्टॉमी.

रुग्णाला झेपत असेल तर आधी सिस्प्लॅटिन असलेली केमोथेरपी दिली जाते. डोळ्यांना न दिसणाऱ्या, इतरत्र पोहोचलेल्या पेशी नष्ट करणं हा तिचा उद्देश. त्यामुळे जगण्याची शक्यता वाढते, हे अनेक चाचण्यांमधून दिसलं आहे. अलीकडे काही रुग्णांना याच्या जोडीने इम्युनोथेरपीही दिली जाते.

शस्त्रक्रियेत मूत्राशयासोबत आजूबाजूच्या लसीका ग्रंथी काढतात. पुरुषांमध्ये सहसा प्रोस्टेट आणि वीर्यकोशही काढावे लागतात. स्त्रियांमध्ये गर्भाशय, अंडाशय आणि योनीच्या पुढच्या भिंतीचा काही भाग काढला जातो. निवडक रुग्णांमध्ये यातले काही अवयव वाचवता येतात.

ही काही तास चालणारी मोठी शस्त्रक्रिया आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांना पहिल्या ९० दिवसांत काही ना काही गुंतागुंत होते, असं मोठ्या केंद्रांच्या अभ्यासातही दिसलं आहे. आतडी सुस्तावणं, संसर्ग, पुन्हा दाखल व्हावं लागणं वगैरे. म्हणून अशा शस्त्रक्रिया नियमित करणारं रुग्णालय निवडणं शहाणपणाचं.

'रोबोटने केली तर कर्करोग जास्त चांगला बरा होतो का?' हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत झालेल्या रेझर या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगावर नियंत्रण मिळवण्यात रोबोटिक आणि उघडी शस्त्रक्रिया सारख्याच ठरल्या. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं. म्हणजे रोबोट परवडत नाही म्हणून उपचार कमी दर्जाचा झाला, असं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. सर्जनचा अनुभव जास्त महत्त्वाचा.

मूत्राशय काढल्यावर लघवी कुठून होणार?

घरच्यांना पडणारा हा पहिला प्रश्न. आपल्याच लहान आतड्याचा तुकडा वापरून लघवीसाठी नवा रस्ता तयार करतात. मुख्य पर्याय दोन.

पहिला, इलियल कॉन्ड्युइट. आतड्याचा सुमारे १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या त्याला जोडतात. त्याचं दुसरं तोंड पोटावर, बहुतेकदा बेंबीच्या उजव्या बाजूला उघडतात. या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटणारी पिशवी लावतात, त्यात लघवी सतत जमा होते. युजीन ब्रिकर या अमेरिकी सर्जनने १९५० मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही ती सर्वाधिक वापरली जाते.

दुसरा, निओब्लॅडर. आतड्याच्या अधिक लांब, साधारण ५० ते ६० सेंटिमीटर तुकड्याची नवी पिशवी शिवून ती लघवीच्या मूळ मार्गालाच जोडतात. पोटावर काही दिसत नाही. पण या पिशवीला 'भरलं' असं कळवणाऱ्या नसा नसतात. घड्याळ लावून लघवीला जावं लागतं, पोटावर जोर देऊन ती रिकामी करावी लागते. सुरुवातीचे काही महिने गळती होते, रात्रीची गळती काहींमध्ये राहते. काहींना स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते. मूत्रपिंडाचं काम कमी असेल किंवा कर्करोग लघवीच्या मार्गापर्यंत गेला असेल, तर हा पर्याय देता येत नाही.

पोटावरच्या पिशवीची भीती सगळ्यांना वाटते. 'लोकलमधून जाता येईल का? पंगतीत मांडी घालून बसता येईल का? वास येईल का?' पिशवी नीट बसलेली असेल तर वास येत नाही आणि कपड्यांखाली ती दिसतही नाही. अंघोळ, प्रवास, नोकरी सगळं करता येतं. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेच्या आधीच, तुम्हाला बसवून, उभं करून आखून घ्यायला सांगा. साडीची गाठ, धोतराचा किंवा पँटचा पट्टा नेमका तिथे येणार नाही, हे तेव्हाच पाहता येतं. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी काम करते.

आणखी एक विषय आपल्याकडे बोललाच जात नाही. या शस्त्रक्रियेचा लैंगिक आयुष्यावर परिणाम होतो. पुरुषांमध्ये ताठरतेच्या नसांना इजा होऊ शकते आणि प्रोस्टेट व वीर्यकोश काढल्यामुळे वीर्य बाहेर येत नाही. स्त्रियांमध्ये योनीमार्ग आखूड होऊ शकतो. नसा वाचवता येतील का, नंतर काय उपचार आहेत, हे जोडीदारासोबत बसून शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. वय कितीही असो, हा तुमचा हक्क आहे.

मूत्राशय न काढता उपचार होऊ शकतात का?

काही निवडक रुग्णांमध्ये होऊ शकतात. टीयूआरबीटीने शक्य तितकी गाठ काढायची आणि मग केमोथेरपी व रेडिएशन एकत्र द्यायचं. गाठ एकच आणि लहान असेल, मूत्रपिंडाची नळी अडलेली नसेल, मूत्राशयाचं काम चांगलं असेल, तर या पद्धतीचे परिणाम चांगले मिळतात. अट एकच. नंतर आयुष्यभर तपासणी, आणि आजार परतला तर मूत्राशय काढण्याची तयारी. सर्जनसोबत रेडिएशनच्या डॉक्टरांचंही मत घ्या.

उशिराने किती फरक पडतो?

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार, कर्करोग अगदी अस्तरापुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ९७ टक्के आहे. मूत्राशयाच्या भिंतीत शिरलेला पण बाहेर न गेलेला असेल तर सुमारे ७० टक्के. आजूबाजूला किंवा लसीका ग्रंथींत पोहोचला तर सुमारे ४० टक्के. दूरच्या अवयवांत पसरला तर दहा टक्क्यांच्याही खाली.

उशीर निदानानंतरही घातक ठरतो. स्नायूपर्यंत गेलेल्या कर्करोगात निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यात तीन महिन्यांहून जास्त काळ गेला, तर परिणाम वाईट होतात असं अभ्यासांमध्ये दिसलं आहे. 'लेकीचं लग्न उरकू दे, सुगी होऊ दे' असं म्हणत थांबण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. आधी केमोथेरपी सुरू असेल तर ती उपचारातच धरली जाते, तो उशीर नव्हे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणता उपचार बसतो, कागदपत्रं काय लागतात, हे त्यांना दाखल होण्याआधीच विचारा.

मग आता काय करायचं?

• लघवीत एकदाही रक्त दिसलं, तर थांबलं तरीही डॉक्टरांकडे जा. पस्तिशी-चाळिशीच्या पुढे असाल किंवा धूम्रपान करत असाल, तर युरोलॉजिस्टला दाखवाच.
• शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत लघवी स्वच्छ झालेली असू शकते.
• किती वर्षं विडी-सिगारेट ओढली, कुठे काम केलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न लपवता सांगा.
• धूम्रपान सोडा. निदान झाल्यानंतर सोडलं तरी फायदा आहे.
• घरातल्या वयस्कर माणसांना थेट विचारा. वडील, आजोबा, सासरे हे स्वतःहून सांगत नाहीत. आई आणि आजी तर त्याहून नाही.

हम्फ्री यांना रक्त दिसलं, तेव्हा बीसीजीचा उपचार अस्तित्वात नव्हता. आज आहे. दुर्बिणीची तपासणी आहे, मूत्राशय वाचवण्याचे मार्ग आहेत, काढावं लागलं तरी पुढचं आयुष्य नीट जगता येतं. पण हे सगळं सुरू होतं ते कुणीतरी डॉक्टरांसमोर बसून 'मला लघवीत रक्त दिसलं' एवढं एक वाक्य म्हटल्यावर.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीबाबतचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)